रास्पबेरी पायचे नेटवर्क सारखे तुटते तेव्हा

तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी, हा केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनचा मूळ हेतू. पुढे हा बोर्ड शाळेबाहेर दूरवर पोहोचला. कोणी त्यावर घरातले फोटो साठवते, कोणी दाराचा कॅमेरा चालवते, कोणी हवामानाच्या नोंदी घेते, कोणी विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजते. अशा बहुतेक ठिकाणी बोर्डाला ना पडदा असतो ना कीबोर्ड. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची एकच वाट असते, ती म्हणजे नेटवर्क. ते तुटले की बोर्ड चालू असूनही आपल्याला त्याचा काही उपयोग राहत नाही.

पूर्ण बंद पडलेले नेटवर्क दुरुस्त करणे त्या मानाने सोपे. अधूनमधून तुटणारे नेटवर्क मात्र दमवते, कारण आपण तपासायला बसतो तेव्हा ते नेमके चालू असते. मग बोर्ड बंद करून पुन्हा चालू करणे, कार्ड पुसून सगळी प्रणाली नव्याने टाकणे, राउटर बदलणे असे उपाय एकामागून एक होतात आणि खरे कारण जागेवरच राहते. ते शोधायचे तर तपासणीला क्रम हवा. तो क्रम पुढे दिला आहे. कमांडची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी लिपीतच टाइप करावीत.

## तुटते नेमके कुठे?

‘नेट गेले’ या एका तक्रारीमागे वेगवेगळे बिघाड असू शकतात. बोर्ड आणि राउटर यांच्यातला दुवा तुटलेला असेल, राउटर आणि इंटरनेट कंपनी यांच्यातला तुटलेला असेल, किंवा सगळे दुवे शाबूत असून संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडलेली असेल. हे वेगळे करण्यासाठी ‘पिंग’ ही साधी कमांड पुरते. बोर्डावरून ती तीन ठिकाणी चालवावी.

पहिले ठिकाण राउटर. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, ‘आयपी राउट’ ही कमांड दिल्यावर ‘डिफॉल्ट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत तो दिसतो. दुसरे ठिकाण बाहेरचा एखादा आकडी पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८ किंवा १.१.१.१. तिसरे ठिकाण एखाद्या संकेतस्थळाचे नाव.

राउटरकडूनच उत्तर येत नसेल, तर दोष बोर्ड, केबल, वायफाय किंवा राउटर यांच्यात आहे. राउटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर इंटरनेट कंपनीकडची वाहिनी तपासायला हवी. बोर्डाला हात लावण्याचे कारण नाही. आकडी पत्ता उत्तर देतो आणि नाव मात्र सापडत नाही, तर डीएनएसकडे वळावे. हीच तपासणी त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या संगणकावरूनही करावी. दोन्ही यंत्रांचे नेट एकदमच जात असेल, तर बोर्ड निर्दोष आहे.

## वीजपुरवठा: पहिला संशय इथेच घ्यावा

नेटवर्कच्या तक्रारीत वीजपुरवठ्याकडे सहसा कोणी पाहत नाही, पण सुरुवात तिथूनच करावी. रास्पबेरी पायला ५.१ व्होल्टचा स्थिर पुरवठा लागतो. मॉडेल ३ साठी २.५ अँपिअरचा, मॉडेल ४ साठी ३ अँपिअरचा आणि मॉडेल ५ साठी ५ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे. मोबाइलचा जुना चार्जर आणि लांब, बारीक केबल यांवर बोर्ड सुरू होतो, दिवा लागतो, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात वायफाय जोमाने डेटा पाठवू लागते किंवा यूएसबीला लावलेली डिस्क फिरू लागते, त्या क्षणी व्होल्टेज खाली येते.

याचे गणित सोपे आहे. केबलच्या जाण्यायेण्याच्या तारांचा मिळून रोध पाव ओहम असेल आणि तिच्यातून २ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो. अडॅप्टरमधून निघालेले ५.१ व्होल्ट बोर्डापाशी ४.६ होऊन पोहोचतात. बोर्डाची धोक्याची रेषा ४.६३ व्होल्टच्या आसपास आहे. तिच्या खाली गेल्यावर प्रोसेसरचा वेग उतरतो आणि यूएसबीवरची उपकरणे, त्यांत वायफाय डोंगलही आले, मधेच निखळू शकतात.

तपासण्यासाठी ‘व्हीसीजेनसीएमडी’ ही कमांड ‘गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड’ या शब्दासह द्यावी. उत्तर ‘०एक्स०’ आले तर पुरवठा ठीक आहे. ‘०एक्स५००००’ आले तर बोर्ड सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज घसरले होते आणि वेग उतरवावा लागला होता. ‘०एक्स५०००५’ आले तर ते या क्षणीही घसरलेले आहे. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचे चिन्ह किंवा इशारा दिसतो. झीरो मालिकेतल्या बोर्डांवर व्होल्टेज मोजणारे हे सर्किटच नाही. तिथे इशारा आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. चांगला अडॅप्टर लावूनच पाहावे.

उपाय म्हणजे बोर्डासाठी सांगितलेला अडॅप्टर आणि आखूड, जाड केबल. हार्ड डिस्कसारखे जास्त वीज ओढणारे उपकरण स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी हबवर लावावे. मॉडेल ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात. मॉडेल ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल, तर त्याचे यूएसबी पोर्ट एकूण ०.६ अँपिअरवर रोखले जातात.

## केबलने जोडले असेल तर

शक्य असेल तिथे इथरनेट केबल वापरावी. कायम एका जागी राहणाऱ्या बोर्डासाठी तिच्याइतके भरवशाचे काही नाही. तीही तुटत असेल, तर ‘डीमेसेज’ या कमांडने कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. ‘लिंक इज डाउन’ आणि ‘लिंक इज अप’ या ओळी पुन्हा पुन्हा आलटून पालटून दिसत असतील, तर केबल, तिचे टोक, राउटरचे पोर्ट किंवा वीजपुरवठा यांपैकी कशात तरी खराबी आहे.

जोडणीचा वेगही बरेच काही सांगतो. ‘इथटूल’ ही कमांड तो दाखवते. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटसाठी चार पुरतात. मॉडेल ४ किंवा ५ गिगाबिट राउटरला जोडलेले असूनही वेग १०० दिसत असेल, तर एखादी तार तुटली आहे किंवा टोक नीट दाबलेले नाही, असे समजावे. दोन टोकांमधले अंतर १०० मीटरच्या आत हवे. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत टोकांवरचे धातूचे संपर्क गंजतात, आणि उघड्यावरून नेलेल्या केबलमध्ये पावसाळ्यात पाणी शिरते. अशी केबल स्वच्छ करत बसण्यापेक्षा बदललेली बरी.

मॉडेल ३बी प्लसची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इथरनेटची वीज वाचवणारी ‘ईईई’ ही सोय काही स्विचशी जुळत नाही आणि जोडणी तुटते. बूट संरचनेच्या फाइलमध्ये ती बंद करता येते. या मॉडेलचे इथरनेट यूएसबी २ मार्गे जात असल्याने वेग ३०० मेगाबिटच्या आसपास थांबतो. तो बिघाड नव्हे, ती त्याची रचनाच आहे.

## वायफायचा सिग्नल आकड्यांत वाचावा

पडद्यावरच्या तीन-चार रेघांवर विसंबू नये. ‘आयडब्ल्यू’ या कमांडला ‘डब्ल्यूलॅन०’ हे जोडणीचे नाव आणि ‘लिंक’ हा शब्द दिला, की सिग्नल डीबीएम या एककात दिसतो. आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल सशक्त. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत काम नीट चालते. उणे ७० च्या पुढे अडचणी सुरू होतात आणि उणे ८० च्या आसपास जोडणी टिकेल याची हमी देता येत नाही. दर ३ डीबीला सिग्नलची शक्ती निम्मी होते, म्हणून उणे ६० आणि उणे ७० यांत दहापट फरक आहे.

सिग्नल अशक्त असेल तर आधी जागा बदलून पाहावी. दगडी भिंती, सिमेंटच्या भिंतींतल्या लोखंडी सळ्या, पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी या सगळ्यांमुळे लहरी अडतात. बोर्ड धातूच्या पेटीत ठेवलेला असेल तर अँटेना झाकली जाते. झीरो डब्ल्यू, ३बी प्लस आणि ४ या मॉडेलांची अँटेना बोर्डाच्या तांब्याच्या थरातच कोरलेली आहे. बाहेर काही टोक दिसत नाही, म्हणून ती झाकली जात असल्याचे लक्षात येत नाही. पेटी प्लास्टिकची घ्यावी किंवा झाकण काढून फरक मोजावा.

## लहरींची गर्दी

सिग्नल सशक्त आहे, तरी जोडणी अडखळते, असेही होते. त्याचे कारण बहुधा गर्दी हे असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच सांगता येतात: १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या इमारतीत या तीन चॅनलांवर शेजारपाजारचे सगळे राउटर एकवटलेले असतात. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात काम करतात. राउटरवर चॅनल आपोआप निवडू देण्याऐवजी या तिन्हींपैकी सर्वांत मोकळे निवडून पक्के करावे, आणि पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

मॉडेल ३बी प्लस, ४ आणि ५ यांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरता येतो. तिथे गर्दी कमी असते, पण भिंत ओलांडण्याची ताकदही कमी. मॉडेल ३बी, झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यू यांच्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झच आहे. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ पासून १४४ पर्यंतची चॅनले रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागताच राउटरला ते चॅनल सोडावे लागते आणि जोडणी तुटते. विमानतळाजवळ किंवा हवामान रडारच्या टापूत राहणाऱ्यांनी ३६ ते ४८ यांमधले चॅनल निवडावे.

बोर्डाला जोडलेली उपकरणेही अडथळा आणतात. यूएसबी ३ च्या केबलमधून आणि डिस्कमधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. मॉडेल ४ वर २५६० बाय १४४० रेझोल्यूशनचा पडदा जोडल्यावर वायफाय मंदावल्याचे किंवा बंद पडल्याचे अनुभव २०१९ मध्ये पुढे आले. चाचणी सोपी आहे. डिस्क आणि पडदा काढून ठेवावा आणि पिंग चालू ठेवून पाहावे. फरक पडला तर डिस्क लांब सरकवावी, चांगल्या आवरणाची केबल घ्यावी किंवा ५ गिगाहर्ट्झवर जावे.

## देशाची नोंद

कोणत्या चॅनलवर किती शक्तीने प्रक्षेपण करायचे याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. बोर्डाला आपला देश सांगितलेला नसेल, तर वायफाय बंदच ठेवले जाते किंवा काही चॅनले त्याला दिसत नाहीत. राउटर आपोआप चॅनल बदलत असेल आणि एखाद्या दिवशी १२ किंवा १३ वर गेला, तर बोर्डाच्या दृष्टीने नेटवर्कच नाहीसे होते. ‘रास्पी-कॉन्फिग’ मध्ये भारत हा देश निवडला की हा प्रश्न मिटतो. परदेशात राहणाऱ्यांनी अर्थातच तिथला देश निवडावा.

## वीज वाचवण्यासाठी घेतलेली डुलकी

वायफायची चिप काम नसेल तेव्हा झोपते. तिच्यासाठी आलेला डेटा राउटर तेवढा वेळ अडवून धरतो आणि साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी निघणाऱ्या आपल्या संकेतात त्याची सूचना देतो. बॅटरीवर चालणाऱ्या फोनसाठी ही सोय मोलाची. चोवीस तास विजेला जोडलेल्या बोर्डाला तिची गरज नाही.

याची खूण ओळखता येते. बोर्डावरून बाहेर सगळे नीट चालते, पण बाहेरून बोर्डाशी संपर्क साधला तर पहिले एकदोन प्रयत्न वाया जातात, उत्तराला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात, टर्मिनलवर अक्षरे थांबून थांबून उमटतात. ‘आयडब्ल्यू’ कमांडला जोडणीचे नाव आणि ‘गेट पॉवर अंडरस्कोर सेव्ह’ हे शब्द दिले की स्थिती कळते. ‘सेट’ आणि ‘ऑफ’ वापरून ती बंद करता येते. मात्र बोर्ड पुन्हा सुरू झाल्यावर हा बदल राहत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून रास्पबेरी पायच्या प्रणालीत नेटवर्क मॅनेजर हा कार्यक्रम जोडण्या सांभाळतो. त्याच्या संरचनेत वायफायच्या ‘पॉवरसेव्ह’ ची किंमत २ ठेवली की डुलकी कायमची बंद होते.

## एकाच पत्त्यावर दोन यंत्रे

बोर्डाचा पत्ता बदलू नये म्हणून अनेक जण तो हाताने पक्का करतात. तो पत्ता राउटर इतरांना वाटत असलेल्या पत्त्यांपैकीच असेल, तर एखाद्या दिवशी तोच पत्ता पाहुण्याच्या फोनला मिळतो. मग दोन्ही यंत्रांचे नेट आळीपाळीने तुटते आणि पाहुणा गेल्यावर सगळे आपोआप सुरळीत होते. यावर चांगला उपाय म्हणजे बोर्डावर काही न बदलता राउटरमध्येच पत्ता राखून ठेवणे. बोर्डाच्या मॅक क्रमांकाला कायम एकच पत्ता द्यावा, असे राउटरला सांगता येते.

दोन पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल, किंवा घरात सिग्नल वाढवणारी उपकरणे असतील, तर बोर्ड एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत राहतो. जागा न बदलणाऱ्या बोर्डासाठी एका पट्ट्याला वेगळे नाव द्यावे आणि त्यालाच जोडावे.

## नाव सापडत नाही, घड्याळ चुकते

आकडी पत्ता चालतो आणि नाव अडते, तेव्हा राउटर देत असलेला डीएनएस बदलून पाहावा. घरातल्या घरात ‘रास्पबेरीपाय डॉट लोकल’ हे नाव चालत नसेल, पण आकडी पत्ता चालत असेल, तर जोडणी शाबूत आहे. फक्त नावाची हाक मारणारे संदेश राउटर पुढे सोडत नाही. राउटरमध्ये राखलेला पत्ता इथेही कामी येतो.

घड्याळाचा प्रश्न नेटवर्कसारखाच भासतो. मॉडेल ५ पूर्वीच्या बोर्डांमध्ये वीज गेल्यावर चालत राहणारे घड्याळ नाही. मॉडेल ५ मध्ये आहे, पण त्याला वेगळी बॅटरी जोडावी लागते. वीज आल्यावर बोर्ड जुनीच वेळ घेऊन उठतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तसाच राहतो. तोवर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटू शकतात आणि कार्यक्रम ‘जोडणी झाली नाही’ अशी तक्रार करतात. म्हणून पिंग चालत असताना काम अडले, तर आधी ‘डेट’ कमांड देऊन तारीख पाहावी.

## वीज गेल्यानंतरची शर्यत

वीज परत येते तेव्हा बोर्ड अर्ध्या-एक मिनिटात उठतो, राउटर आणि फायबरचा डबा यांना मात्र त्याहून अधिक वेळ लागतो. बोर्ड नेटवर्क शोधतो, ते सापडत नाही. नेटवर्क मॅनेजर मूळ स्थितीत जोडणीचे चार प्रयत्न करतो आणि ते फसल्यास थांबतो. जिथे वारंवार वीज जाते तिथे ‘ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ ची किंमत शून्य ठेवावी. इथे शून्याचा अर्थ अमर्याद प्रयत्न असा आहे. राउटरला छोटा यूपीएस लावला तर ही शर्यत पुष्कळदा टळते.

## नोंद ठेवली की कारण बोलते

एवढे करूनही जोडणी तुटत असेल, तर नोंद ठेवावी. दर मिनिटाला एक ओळ पुरे: वेळ, सिग्नलचा आकडा, राउटरचे उत्तर आले की नाही, बाहेरचे आले की नाही, व्होल्टेजची स्थिती. काही दिवसांची नोंद समोर ठेवली की आकृतिबंध दिसतो. रोज संध्याकाळी तुटत असेल तर शेजारची गर्दी. पाण्याची मोटार सुरू होताच तुटत असेल तर वीजपुरवठा. अचूक तासातासाने तुटत असेल तर राउटरची सुरक्षा किल्ली बदलण्याची वेळ. पुष्कळ राउटरांत ती ३,६०० सेकंदांवर ठेवलेली असते. बारा तासांनी तुटत असेल तर पत्त्याची मुदत, कारण २४ तासांच्या मुदतीचा पत्ता अर्धी मुदत संपल्यावर नव्याने मागितला जातो.

‘जर्नलसीटीएल’ ने प्रणालीच्या नोंदीही पाहाव्यात. वायफाय तुटल्याच्या ओळीत ‘लोकली जनरेटेड’ असे शब्द असतील, तर जोडणी बोर्डानेच सोडली. ते नसतील, तर बहुधा राउटरने काढून टाकले. तपासाची पुढची दिशा या दोन शब्दांवरून ठरते. या नोंदी बोर्ड पुन्हा सुरू झाल्यावर पुसल्या जात नाहीत ना, याची खात्री आधीच करून घ्यावी.

## कामाचा क्रम

आधी अडॅप्टर आणि केबल, मग जागा आणि पेटी, मग चॅनल, मग वीजबचत, मग पत्ता, आणि शेवटी सॉफ्टवेअर. एका वेळी एकच बदल करावा आणि किमान एक दिवस थांबावे. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि बिघाड परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लांबच्या बोर्डासाठी एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी. दर पाच मिनिटांनी राउटरला पिंग करावे, उत्तर नसेल तर फक्त जोडणी बंद करून पुन्हा सुरू करावी आणि तशी नोंद लिहावी. संपूर्ण बोर्ड पुन्हा सुरू करणे हा शेवटचा उपाय असावा. विजेचा प्लग उपटून तर तो कधीही बंद करू नये; त्या क्षणी मेमरी कार्डावर लेखन चालू असेल तर फाइली खराब होतात आणि एका बिघाडाचे दोन होतात.

नेटवर्क तुटण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात: अपुरी वीज, अशक्त सिग्नल, गजबजलेले चॅनल. ती शोधायला महागडी उपकरणे लागत नाहीत. मोजमाप आणि धीर लागतो. ज्यांच्या शाळेत, शेतात किंवा घरात असा बोर्ड काम करतो आहे, त्यांनी तो बदलण्याचा विचार करण्यापूर्वी आठवडाभराची नोंद ठेवावी आणि मगच निर्णय घ्यावा.